चारशे चाळीस

खोलीत अकरा खुर्च्या होत्या, अकरा गाणाऱ्या बायका आणि एक नादकाटा. वाद्य एकही नव्हतं. स्पर्धेचा नियमच तसा होता. शिकवणाऱ्या बाईंनी काटा गुडघ्यावर आपटून कानाशी धरला आणि सूर दिला. अकराजणींनी तो उचलला.

गाणं ज्या सुरावर सुरू होई, त्याच सुरावर संपायचं होतं. तिसऱ्या कडव्याला चष्मेवालीला नेहमीसारखंच वाटलं, की बाकीच्यांचा सूर हळूहळू खाली बसतोय आणि आपण एकट्याच वर उभ्या आहोत. ती दुकानात चष्म्याची भिंगं घासायची, म्हणून तिचं हे नाव. या गावात तिच्याशी कामाशिवाय कोणी बोलत असेल, तर ते फक्त याच खोलीत.

बाईंनी हात वर केला.

"कुणाचा तरी सूर चढा लागतोय."

"चष्मेवालीला आता कानाचाही नंबर काढायला हवा!" मागच्या रांगेतली नर्स म्हणाली. सगळ्या हसल्या. चष्मेवालीही हसली.

"चला, पहिल्यापासून."

या वेळी शेवटच्या ओळीला तिने नुसते ओठ हलवले. मांडीवरच्या फोनवर सूर मोजायचं अ‍ॅप चालू होतं.

"आता कसं!" बाई खुलल्या. "बघा, जमलं की नाही?"

"बाई," ती म्हणाली, "आपण चारशे चाळीस हर्ट्झवर सुरू केलं आणि चारशे पंधरावर संपवलं. म्हणजे पुरता अर्धा स्वर खाली. शेवटी मी गात नव्हते, फक्त मोजत होते." तिने फोन पुढे केला.

फोन कुणी हातात घेतला नाही.

"म्हणजे तू गप्प बसलीस की जमतं," बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "अगं, ऐकणाऱ्याला काय ऐकू येणार? एका सुरात दहाजणी, आणि तू. तुझा फोन टाळ्या वाजवणार आहे का?" मग नादकाटा पुसत त्या म्हणाल्या, "स्पर्धेला दहाजणीही चालतात. ठरव बाई तूच."

नर्स आपली नखं बघत होती. कुणीतरी खोकलं. चष्मेवालीने फोन पिशवीत टाकला.

शेजारच्या काकूंनी तिच्या मनगटावर हात ठेवला. "माझ्याकडे कान दे," त्या हळूच म्हणाल्या, "आणि मी जाते तिकडे ये. पहिल्या वर्षी मीही अशीच अडून बसले होते."

"मग?"

"मग काय? आता काही जाणवतसुद्धा नाही."

तिसऱ्यांदा गाणं सुरू झालं. काकूंचा आवाज जिथे वाकला, तिथे तिने आपला वाकवला. शेवटच्या ओळीला तिला स्वतःचा आवाज वेगळा असा ऐकूच आला नाही. बाईंनी डोळे मिटून मान डोलावली.

नंतर चहाला नर्सने शेजारची खुर्ची ओढली. "ये गं, इथे बस. इतके दिवस कोपऱ्यात काय उभी राहायचीस?"

असे महिनाभर सराव झाले. सूर चढा लागतोय असं बाई पुन्हा म्हणाल्या नाहीत.

एका सुट्टीच्या सकाळी ती आपल्या खोलीत एकटीच होती. दार बंद, खिडकी बंद. भांडी घासून झाली होती आणि दिवसभर कुणी येणार नव्हतं. तिने तेच अ‍ॅप लावून फोन टेबलावर उभा केला, त्यावरून चारशे चाळीसचा सूर घेतला आणि भिंतीकडे तोंड करून गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं. कुठेही अडखळली नाही. सूर अगदी जागेवर लागला, असं तिला वाटलं.

मग तिने वळून फोन पाहिला.

सुरुवात, चारशे चाळीस. शेवट, चारशे पंधरा.