वाजत राहिलेली घंटी

"घंटी वाजत होती की नव्हती, एवढंच सांगा." कारभारी गुरुजींनी डॉक्टरांच्या टेबलावर हात आपटला.

"वाजत होती," सलिमा सिस्टर म्हणाल्या.

"आणि तुम्ही पाठ करून उभ्या होतात."

"हो."

त्या एका शब्दाने गुरुजींच्या रागाचा भडका उडाला. बाई खोटं बोलेल, मग आपण तिला उघडं पाडू, अशी तयारी करून ते आले होते. देवळाली कॅम्पहून येताना सबंध रस्ताभर बसमध्ये त्यांनी मनातल्या मनात हेच भांडण केलं होतं.

निवृत्ती त्यांचा धाकटा भाऊ. सातपूरच्या कारखान्यात फिटर. छातीत दुखतंय म्हणून आपल्या पायांनी चालत गंगापूर रोडवरच्या या हॉस्पिटलात आला आणि हृदयरोग्यांच्या खोलीत दाखल झाला. दोन दिवस चांगले गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी गुरुजी चहा आणायला बाहेर पडले. परत आले तर निवृत्तीच्या खाटेशी घंटी वाजत होती आणि सिस्टर पलीकडच्या पेशंटला शांतपणे इंजेक्शन देत होत्या. गुरुजी ओरडले तेव्हा त्या वळल्या. तोवर सगळं संपलं होतं.

हॉस्पिटल डॉक्टर खरोट्यांचं. हृदयाचे ठोके दाखवणारी यंत्रं त्यांनी मागल्या वर्षी परदेशातून आणवली होती. प्रत्येक खाटेशी एक. ठोके ठरलेल्या आकड्याच्या वर गेले किंवा खाली आले की घंटी वाजायची. डॉक्टरांच्या केबिनला मुद्दाम मोठी काच होती. भेटायला येणाऱ्याला तिच्यातून खोलीतल्या यंत्रांचे हिरवे पडदे दिसत.

सलिमा सिस्टरांनी रडूनभेकून माफी मागितली नाही. त्याचाही गुरुजींना राग आला. जे घडत होतं ते त्यांनी सांगितलं. पेशंट कुशीवर वळला की घंटी वाजते. खोकला की वाजते. घामाने छातीवरची पट्टी सुटली तरी वाजते. दिवसभर चारही खाटांवर हेच चालतं. कोणाचे ठोके मुळातच जलद असतात, कोणाचे संथ. प्रत्येकाचे आकडे वेगळे लावून द्या, म्हणजे खरंच धावायची वेळ आली की तेवढीच वाजेल, असं त्यांनी डॉक्टरांना दोनदा विनवलं होतं. कंपनीने लावून दिलेल्या आकड्यांना कोणी हात लावायचा नाही, असं दोन्ही वेळा उत्तर मिळालं होतं. त्या दुपारी घंटी वाजली तेव्हा, पट्टीच सुटली असेल, हातातलं इंजेक्शन पुरं करू, असं त्यांना वाटलं.

"चार घंट्या जास्त वाजल्या तर बिघडतं काय?" डॉक्टर म्हणाले. "यंत्राने त्याचं काम चोख केलं. चूक माणसाची."

मग त्यांनी सिस्टरांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. आवाजही चढवला नाही.

गुरुजी हेच मागायला आले होते. पण ते इतक्या पटकन हातात पडलं की त्यांना बरं वाटेना. घरी निवृत्तीची बायको सिंधुबाई कोरड्या डोळ्यांनी बसून होती. तिला जाऊन काय सांगायचं? एका बाईची नोकरी घालवून आलो म्हणून?

डॉक्टरांनी चहा मागवला. निवृत्तीच्या तंबाखूबद्दल ते बोलू लागले. तरुण माणसं आजकाल प्रकृतीची हेळसांड करतात, नाही नाही ते खातात, वगैरे.

तेवढ्यात घंटी वाजली.

गुरुजींचा कप हातातच राहिला. तोच आवाज. नोकरी गेलेल्या सिस्टर खुर्ची सोडून केव्हाच दाराबाहेर पडल्या होत्या. गुरुजीही उठून त्यांच्या मागे गेले.

सुरगाण्याकडची एक म्हातारी कुशीवर वळली होती. तिच्या छातीवरची पट्टी सुटली होती. सिस्टरांनी ती नीट बसवली, म्हातारीच्या अंगावर चादर ओढली, पाणी हवं का विचारलं. घंटी थांबली.

गुरुजी त्या खाटेपाशी उभेच राहिले. पहिल्या दिवशी अशा प्रत्येक घंटीला ते दचकून उठले होते. दुसऱ्या दिवशी नुसतीच मान वळवली होती. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी घंटी वाजली तेव्हा निवृत्ती म्हणाला होता, "दादा, हे लय बोलकं हाय." दोघे भाऊ खूप हसले होते. यंत्राकडे कोणीच पाहिलं नव्हतं.

त्यांचा राग गेला नाही. तो फक्त दुसरीकडे वळला आणि पहिल्यापेक्षा जड झाला.

ते केबिनमध्ये परतले. डॉक्टर चहात साखर ढवळत होते. गुरुजींना भावाची आठवण असह्य झाली म्हणून ते उठून गेले, अशी त्यांची समजूत झालेली दिसली. मन घट्ट करा, असं ते हळुवारपणे म्हणाले.

"डॉक्टर, आत्ता घंटी वाजली," गुरुजी म्हणाले.

डॉक्टरांनी वर पाहिलं. "कोणती?"

सलिमा सिस्टर आपली पिशवी घ्यायला दाराशी येऊन थांबल्या होत्या. गुरुजींनी त्यांना आत बोलावून खुर्चीवर बसवलं. दुसरी खुर्ची ओढून ते डॉक्टरांच्या अगदी समोर बसले. इतके दिवस थरथरणारा त्यांचा आवाज आता स्थिर होता.

"सिस्टरांचं झालं. आता तुमच्याविषयी बोलू."