एका खळगीची चूक

तिसऱ्या दिवशीही चंद्रम्मा आली नाही, तेव्हा महेशकुमारनं अर्धी भाकरी ताटात तशीच ठेवली. आणि वाढणारी रुद्रम्मा आत्या म्हणत होती, "घ्या सर, अजून अर्धी घ्या." चाळीस वर्षं त्याला 'म्हेशा' म्हणणारी बाई तीन दिवसांपासून 'सर' म्हणत होती. त्यापेक्षा दोन कानाखाली वाजवल्या असत्या तर बरं झालं असतं.

बीदरमधल्या मैलूरला आत्याच्या ओसरीवर रोज दुपारी दोघी म्हाताऱ्यांचा अळगुळीचा डाव बसायचा. लाकडी पाटात चौदा खळग्या, सात इकडं, सात तिकडं. चिंचोके उचलायचे, एकेका खळगीत एकेक टाकत पुढं जायचं, आणि शेवटी जिच्याकडं जास्त चिंचोके ती जिंकली. रुद्रम्मा रोज जिंकायची. शेजारची चंद्रम्मा रोज हरायची, कपाळाला हात लावायची, चहा प्यायची आणि घरी जायची. वीस वर्षं हे बिनतक्रार चाललं होतं.

मग हा सुट्टीला आला. बेंगळूरला मोठ्या संस्थेत गणित शिकवतो. संस्थेच्या वेबसाइटवर त्याची ओळख आहे, त्यानंच लिहिलेली: बीदरमध्ये वाढलो, सहा वर्षांचा असताना आत्याला अळगुळीत हरवायचो, तेव्हापासून गणिताचं वेड लागलं, प्रोग्रामिंगचं त्यानंतर. वेड मात्र खरंच. सुट्टीतसुद्धा गप्प बसेल तर शपथ. अकरा दिवस लॅपटॉप मांडीवर घेऊन त्यानं दोघींची एकेक चाल टिपली, प्रोग्राम लिहिला, आणि उत्तर आलं तसा हरखून दोघींच्या देखत बोलून गेला, "काकू, तुम्ही मुद्दाम हरताय. अकराच्या अकरा डाव. शेवटपर्यंत बिनचूक खेळता आणि मग नेमकी सगळ्यात वाईट चाल करता."

चंद्रम्मानं हातातले चिंचोके पाटावर ठेवले. गॅसवर दूध ठेवलंय म्हणाली आणि उठून गेली. ती गेलीच.

आज जेवण झाल्यावर त्यानंच आत्यापुढं पाट मांडला. दुसरं काय करणार? आपण खेळू, आपण हरू, तेवढंच तिचं मन हलकं होईल, असा त्याचा हिशोब. दहा-बारा चाली झाल्या. पाचव्या खळगीतून उचललं तर तो जिंकत होता, म्हणून त्यानं तिसरीत हात घातला. आत्यानं मनगट धरलं.

"पाचवी सोडून तिसरी कामून उचलायलास?"

चुकून, असं तो पुटपुटला.

"तुला हरायला बी येत न्हाई बघ. तू सहा वर्षाचा होतास तवा मी रोज हरत होते तुझ्याकडनं. आजवर कळलं का तुला?"

त्याचा हात तिसऱ्या खळगीतच राहिला. वेबसाइटवरची ती ओळ आठवून त्याचा चेहरा उतरला. त्यानं विचारलं, म्हणजे चंद्रम्माकाकूंचंही तुला ठाऊक होतं का?

"पहिल्या दिवसापासनं. आन् मला ठाव हाय, हे तिला बी ठाव आसंल. कुणी बोललं न्हाई, म्हणून वीस वर्षं बसलो इथं. आता ती कोणत्या तोंडानं हरंल, आन् मी कोणत्या तोंडानं जिंकू?"

दरवर्षी नव्या वर्गाला तो हेच तर शिकवायचा. एखादी गोष्ट ज्याची त्याला ठाऊक असणं वेगळं आणि तीच सगळ्यांसमोर बोलली जाणं वेगळं. बोललं की सगळं गणितच बदलतं. फळ्यावर आकृती काढून, खडूचे हात झटकत, मोठ्या तोऱ्यात सांगायचा. आता त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की आत्याकडं बघवेना.

तो तसाच अनवाणी शेजारी गेला. चंद्रम्मा दारात सूप घेऊन तूर निवडत होती. ये म्हणाली, पण वर बघितलं नाही.

"काकू, माझा प्रोग्राम चुकला."

तिची बोटं थांबली. कुठं चुकला, तिनं विचारलं.

"मशीन शून्यापासून मोजतं, मी एकपासून मोजून चाली भरल्या. एक खळगी सरकली. तुमच्या सगळ्याच चाली भलत्याच खळग्यांत धरल्या गेल्या."

असली चूक एखाद्या विद्यार्थ्यानं केली असती तर यानं त्याला तासभर झापलं असतं. जन्मात कधी खोटं उत्तर मांडलं नव्हतं, आणि मांडलं तेही अशा ठिकाणी. त्याचे कान तापले.

"म्हंजे मी मुद्दाम हरत नव्हते," चंद्रम्मा म्हणाली.

"न्हाई."

"खरंच हरत होते."

"व्हय."

"म्हंजे मला खेळायला येत न्हाई."

त्याला मान वर करवेना. अकरा डावांतली तिची एकेक चाल त्याच्या डोळ्यांपुढं आली. इतकं सुरेख खेळणारं माणूस त्यानं दुसरं पाहिलं नव्हतं.

"न्हाई येत, काकू," तो म्हणाला.

चंद्रम्मानं त्याच्याकडं नीट बघून घेतलं. मग सूप बाजूला सारलं, पदराला हात पुसले आणि पायानं चपला चाचपायला लागली.

"जा, आत्याला म्हणावं मांड पाट. वीस वर्षं झाली तरी येत न्हाई, तर शिकलं पायजे की."