केसभर उतरलेला सूर

१९९६ सालची गोष्ट. नेब्रास्कातल्या 'फेन्सलाइन' या बँडला एकाच व्हॅनमधून गावोगाव हिंडत गायला लागून बरीच वर्षं झाली होती. मार्लिस कुचेरा त्यात आजोबांचा अ‍ॅकॉर्डियन वाजवायची. तो इतका जुना, की त्याचा सूर केसभर उतरलेला. अ‍ॅकॉर्डियन काही रस्त्यात दुरुस्त होत नाही, गिटारच्या तारा मात्र उतरवता येतात. म्हणून मार्लिसनं सूर धरायचा आणि इतरांनी त्याला जुळवून घ्यायचं, असा पहिल्यापासूनचा रिवाज.

त्या दुपारी आयोवातल्या एका बारमध्ये सामान उतरवून झालं. आखडलेले गुडघे चोळून मार्लिस मंचावर आली, तर क्लेटनची गिटार जुळवून तयार.

"माझ्याशिवाय?"

"दमलेली दिसलीस. म्हटलं, टेकू दे जरा," खाली बघतच क्लेटन म्हणाला.

ड्रम्समागून डेल हसला. "तुझा तो पेटारा उठवायचा म्हणजे झोपलेल्या म्हातारीला उठवायचं, बाई."

तीही हसली. पट्टे खांद्यावर चढवून तिनं भाता ओढला. क्लेटननं तार छेडली. दोन सूर एकमेकांना घासले. ती थांबली, पुन्हा वाजवून पाहिलं. गिटारचा सूर वरच होता.

"क्लेटन, तारा उतरव."

"आज राहू देत अशाच."

"आजच?"

त्यानं उगाच एक खुंटी चाचपली. "शिकागोचा रेकॉर्ड कंपनीवाला ऐकायला येतोय. त्याला अ‍ॅकॉर्डियनच्या जागी पियानो हवाय. पियानो काय खाली उतरत नाही, मार्लिस."

डेल आता हसत नव्हता. "मी सांगत होतो याला, नाश्त्यालाच बोलून टाक म्हणून."

"तरीच मेल्यानं आपलं बेकन माझ्या ताटात सरकवलं," मार्लिस म्हणाली.

तिला राग यायला हवा होता. पण आधी मनात आलं ते एवढंच, की उद्या त्या व्हॅनमध्ये बसायला नको. याचंच तिला जास्त वाईट वाटलं.

"शेवटचं गाणं तरी वाजव," क्लेटन म्हणाला. "तेवढ्यापुरत्या उतरवतो."

"नको. उतरवून चढवलेल्या तारा रात्रभर सरकत राहतील. माणूस ऐकायला येतोय तुझा."

तिनं भाता मिटला आणि तो मिटून ठेवणाऱ्या पट्ट्यांची बटणं लावली.

रेकॉर्ड निघाली. फारशी कुणी ऐकली नाही. दोन वर्षांनी बँड मोडला. डेलनं कर्नीला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान घातलं आणि त्याचं वजन वाढलं. क्लेटन टेनेसीला गेला. दुसऱ्यांच्या गाण्यांना गिटारची साथ देत राहिला, गावाकडे क्वचित फिरकला. मार्लिस विल्बर गावच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी पोल्का नाचाच्या धून वाजवू लागली. तिथं क्लेटनची आई न चुकता नाचायला यायची. नाचून दमली, की मार्लिसजवळ खुर्ची ओढून बसायची. दोघी एकाच प्लेटमधले कोलाचे, म्हणजे गोड सारणाचे पाव, खायच्या, पिकापाण्याचं बोलायच्या. त्याचं नाव कुणीच काढायचं नाही.