पडताळणीचा फोन

“ताई, घरच्या फोनवर पडताळणीचा कॉल येईल. तो झाला की तुमचं खातं लगेच सुरू,” लोणावळ्याच्या बँकेतल्या मुलीनं अनिताला सांगितलं होतं. लेकीची, छकुलीची, नर्सिंगची फी त्याच खात्यात अडकली होती आणि प्रवेशासाठी शुक्रवार शेवटचा दिवस होता. फी वेळेत भरायचा शब्द अनितानं लेकीला दिला होता.

आठवडाभर बँकेचं एकच पालुपद, “आम्ही केला, पण तुम्ही भेटला नाहीत.” मग अनिताच्या नवऱ्यानं, संदेशनं, हुशारी पाजळली. वायर बदलली, नवा फोन आणला, लाइनमनचा उद्धार केला आणि शेवटी देव्हाऱ्याकडं बोट दाखवलं. “तुजी ही घंटी थांबली, तर फोनची ऐकू येईल.”



शुक्रवारी सकाळी देवीपुढं दिवा लावून ती परतली, तर ओसरीवर सासरे फोनवर खेकसत होते. “किती येळा सांगू बाई? हितं संगीता म्हणून कुणी न्हाई. राँग नंबर हाय.” आणि त्यांनी फोन आपटला.

“आबा, संगीता मीच की,” ती हळूच म्हणाली. “आधारवर, बँकेत माजं माहेरचंच नाव हाय.”

“आमी लग्नात अनिता ठिवलं न्हवं? संगीता तवाच संपली.”

संदेश नव्या फोनकडं बघत राहिला. ती चपला घालताना दिसली, तसा म्हणाला, “आता कुटं निघालीस?”

“बँकेत. तितं संगीताला वळखत्यात.”

आधारकार्ड पिशवीत घालून, लेकीला दिलेला शब्द राखायला संगीतानं लोणावळ्याची वाट धरली.