पळी
दूध संकलन केंद्रात पाय ठेवताच सरकारी तपासनीस बाईंना कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटलं. काटा अचूक, मशीनचं सील शाबूत, दरांचा फलक ठळक. बोट ठेवायला कुठे जागाच नव्हती. त्यात केंद्रचालकाची साखरपेरणी चालूच. "मॅडम, नियम म्हणजे नियम! प्रत्येकाचं दूध ढवळूनच मी नमुना घेतो. नाहीतर साय वर राहते, तळाच्या दुधात फॅट कमी लागतं आणि दूध घालणाऱ्यांचा भाव पडतो." "रोज ढवळता?" बाईंनी डोळे बारीक केले. "आईशप्पथ!" तेवढ्यात गोठ्यातून थेट आलेली एक म्हातारी कॅन घेऊन पुढे झाली. केंद्रचालकाने लगबगीने कोरी करकरीत, लांब दांड्याची पळी उचलून तिच्या दुधात घातली. म्हातारीने झडप घालून त्याचं मनगट पकडलं. "मेल्या, इतकी वर्षं इथे दूध घालतेय मी! हे काय भलतंच बुडवतोस त्यात?"