गंज

"हळू गं, तेल कापसाच्या काडीनेच लाव," अण्णा खुर्चीतून पुन्हा म्हणाले. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे त्यांना वाकायची मनाई होती, म्हणून लहानपणापासून जपलेलं त्यांचं चावीचं खेळण्यातलं इंजिन साफ करायचं काम यंदा सुनेकडे आलं होतं. एरवी त्याला हात लावायची घरात कुणाची टाप नव्हती.

मुक्ता जीव ओतून बसली होती. चाकांच्या आसांभोवती गुंडाळलेले धागे तिने चिमट्याने काढले, पितळेची इवलीशी घंटा चिंचेने लखलखीत केली.

"आणि तोंडावरचा गंजही काढला हं, अण्णा! टर्पेंटाइन लावून घासला, तेव्हा कुठे गेला."

"तोंडावर गंज नव्हता." अण्णांनी इंजिन मागून घेतलं, त्यावरून अंगठा फिरवला. "तुझ्या सासूबाई दर दसऱ्याला तिथे कुंकवाचं बोट लावायच्या. ती गेल्यापासून मी तेवढी जागा सोडूनच पुसतो."

सासूबाईंना मुक्ताने फक्त फोटोत पाहिलं होतं. तिने हातातली टर्पेंटाइनची चिंधी खाली ठेवली.

अण्णांनी चावी दिली. इंजिन टेबलावरून जराही न अडखळता धावलं. ते थांबेपर्यंत अण्णा नुसते ऐकत राहिले. मग म्हणाले, "जा, देवघरातला करंडा आण."

"पण आज दसरा कुठे आहे, अण्णा?"

"इंजिनाला काय कळतंय!"

तिने तेलकट बोटानेच कुंकू टेकवलं. अण्णांनी उघडा डोळा बारीक करून पाहिलं.

"वाकडं आलंय," ते म्हणाले. "तिचंही यायचं."