हनुवटीची सावली

डॉक्टरीणबाईंनी अकरा फोटो टेबलावर ओळीने मांडले आणि खुर्ची पुढे ओढली. त्यांच्या अभ्यासातल्या छत्तीस पेशंटांपैकी असे फोटो कुणीच आणले नव्हते. बाकीच्यांचं काय, तर कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातलं अर्धं तोंड, नाहीतर ओळखपत्रावरचा शिक्का बसलेला चेहरा. इथे दरवर्षी एक, त्याच स्टुलावर, समोरून काढलेला. काढणारा समोर बसलेल्या पेशंटबाईचा नवराच. चौकात त्याचा स्टुडिओ होता आणि लग्नाच्या प्रत्येक वाढदिवशी तो बायकोला पडद्यासमोर बसवायचा. दिवा उजवीकडे, त्यामुळे चेहऱ्याची बाजूने पडलेली सावली मागच्या पडद्यावर. सावलीशिवाय चेहऱ्याला उठाव येत नाही, असं त्याचं ठाम मत. सगळे त्याला फोटोवाला म्हणत, अगदी त्याची सासूसुद्धा.

आता तो तिच्या डाव्या हाताला बसला होता. त्याच्याकडे बघायचं तर तिला अख्खी मान वळवावी लागे, कारण दोन्ही कडांचं तिला दिसेनासं झालं होतं. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, तिच्यात गाठ झाली होती. गाठ वाढीचं हार्मोन भसाभसा सोडत होती आणि वर डोळ्यांच्या नसांवर चढून बसली होती. बुधवारी ऑपरेशन होतं. गाठ निघेल, पण गेलेली नजर परत येईलच असं नाही, हे डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. चार-पाच वर्षं आधी आला असतात तर, असंही त्या बोलून गेल्या होत्या.

ते 'तर' तिच्या जिवाला लागलं होतं. कपडे शिवून पोट भरणारी बाई ती. डोळ्यांचं असं झाल्यावर करायचं काय? आणि वर चूकही आपलीच? फोटो तिने त्यासाठीच आणले होते. अशा गाठीत चेहरा हळूहळू बदलतो, नाक पसरतं, हनुवटी पुढे येते. रोज बघणाऱ्याला ते कळत नाही, पण वर्षावर्षाचे फोटो शेजारी ठेवले की कळतं. डॉक्टरीणबाईंचा अभ्यास यावरच होता. गाठ नेमकी कधी सुरू झाली, ते या फोटोंवरून ठरणार होतं.

त्यांनी पट्टी लावून एकेक चेहरा मोजला. नाक तेवढंच, हनुवटी तेवढीच, पहिल्या फोटोपासून अकराव्यापर्यंत. काहीच फरक नाही, त्या म्हणाल्या.

तिचा जीव भांड्यात पडला. म्हणजे सुरुवातच आत्ता-आत्ताची. उशीर तिने केलाच नव्हता. फोटोवाल्याने टेबलाखालून तिचा हात दाबला.

तशी शंका तिला आली होती, नाही असं नाही. शिवताना बोटात घालायचं टोपण एक दिवस चढेना. मग चपला पाचाच्या सहा झाल्या, सहाच्या सात. शिलाईला आलेली एक बाई तर तोंडावरच म्हणाली, आवाज किती घोगरा झालाय हो तुमचा. ती प्रत्येक वेळी नवऱ्याला विचारायची, माझं तोंड बदललंय का हो? तो तिला स्टुडिओतल्या भिंतीसमोर उभं करायचा. तिथे सगळे फोटो टांगलेले. "हे बघ की," तो म्हणायचा, "मला तर काही दिसत नाही." मग तिलाही हसू यायचं. वय झालं तरी नटण्यामुरडण्याची हौस जात नाही मेली, असं ती स्वतःलाच म्हणायची. चार वर्षांपूर्वी तिने दवाखान्यात नंबर लावला होता, तोही त्या भिंतीसमोर उभं राहून आल्यावर रद्द केला.

पण डॉक्टरीणबाई अडून बसल्या होत्या. एवढी गाठ एका वर्षात होत नाही, त्या पुटपुटल्या. त्यांनी भिंग घेतलं. नवव्या फोटोवर त्या थांबल्या. भिंग चेहऱ्यावर नव्हतं, मागच्या पडद्यावर होतं. मग त्यांनी एकेका फोटोतल्या सावलीवर बोट ठेवत नेलं. पहिल्या फोटोत सावलीची हनुवटी लहानशी होती. पुढे पुढे ती वाढत गेली होती. अकराव्यात तर फावड्यासारखी पुढे आली होती. सावलीपुढचा चेहरा मात्र अकराही वर्षं तोच, नव्या नवरीचा.

फोटोवाल्याने तिचा हात सोडला.

मग तो बोलायला लागला. स्टुडिओतून कुठलाच चेहरा जसाच्या तसा बाहेर जात नाही, म्हणाला. मुरूम, काळी वर्तुळं, दुसरी हनुवटी, सगळं साफ करावंच लागतं, हात आपोआप जातो. बायका वयाने भरतातच, त्यात आजार असेल हे कुणाच्या स्वप्नात येणार? आणि तिच्या आनंदाच्या दिवशी तिला कशाला खट्टू करायचं? तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या मनात पाप नव्हतं, हे तिलाही कळत होतं. म्हणूनच तर केसाने गळा कापल्यासारखं वाटत होतं. कुणी वैऱ्याने फसवलं असतं तर शिव्या देऊन मोकळी झाली असती.

हात न लावलेले मूळ फोटो आहेत का, डॉक्टरीणबाईंनी विचारलं. सगळे आहेत, तो म्हणाला, वर्षवार लावून ठेवलेत.

"पहिल्यांदा कुठल्या वर्षी हात लावलात?" हे तिने विचारलं.

त्याला आठवावंही लागलं नाही. "चौथ्या. हनुवटी, डावीकडून. अगदी जराशी होती. दुसऱ्या कुणाला कळलीसुद्धा नसती."

तिने मान वळवली नाही. समोर ओळीने हसणाऱ्या त्या अकरा बायकांकडे ती बघत राहिली.

"म्हणजे तुम्हाला दिसत होतं," ती म्हणाली.